नाणेघाट, पावसाळा आणि ३५ मिमी: एकाच भटकंतीत धुकं आणि लेणं कसं पकडायचं?

रीळछत्तीस

मंडळी, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, मधल्या वारी, नाणेघाटला जायचा बेत आहे. जुन्नरहून घाटघरमार्गे गाडीने वर, दिवसभर पठार, लेणं, दगडी रांजण, जमलं तर जीवधनचा पायथा, आणि अंधार पडायच्या आत परत.

सोबत पेंटॅक्स के१००० हा फिल्म कॅमेरा, ५० मिमी एफ/२ आणि २८ मिमी एफ/२.८ ही दोन भिंगं. एचपी५ प्लस या ४०० आयएसओच्या कृष्णधवल फिल्मचे ३६ चे दोन रोल. तिपाई नेणार नाही. रोल घरीच धुणार, डेव्हलपर (फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन) आयडी-११. नंतर निवडक फोटो भटकंतीच्या माहितीसकट इथेच टाकायचे आहेत.

प्रश्न असे:

१) गच्च धुक्यात के१०००च्या मीटरवर, म्हणजे उजेड मोजणाऱ्या सुईवर, कितपत विसंबायचं?
२) उलटा धबधबा टिपताना कॅमेरा आणि भिंग कोरडं कसं ठेवायचं?
३) लेण्यातले शिलालेख तिपाईशिवाय जमतील का?
४) पावसाळ्यात नळाचं पाणी २५ अंशांच्या पुढे असतं. फिल्म धुवायला लागणारे २० अंश कसे गाठायचे?
५) स्कॅन किती मोठा टाकावा आणि फोटोखाली काय काय लिहावं?

जाणकारांनी सविस्तर सांगावं.

---

कृष्णधवल

पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एकाच गोष्टीत आहे. मीटर ज्याच्याकडे बघतो त्याला मध्यम करडं करून टाकतो. के१००० तर सगळ्या फ्रेमची सरासरी घेतो, एका ठिपक्यावरून मोजायची सोय त्यात नाही. त्यामुळे धुकं करडं होतं आणि लेण्यातला काळा बसाल्टही करडाच होतो. धुक्यात एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट उजेड द्या, काळ्या भिंतीवर एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा.

आकड्यांत सांगतो. ४०० आयएसओला मीटर धुक्यात एफ/८ ला १/२५० म्हणाला, तर १/१२५ ठेवा. निगेटिव्ह फिल्म आहे म्हणून दोन-तीन स्टॉप सढळ हाताने द्यायचा मोह होतो. धुक्यात तो आवरा. कृष्णधवल फिल्मवर निगेटिव्ह जितकी दाट तितका दाणा (चित्रातले बारीक ठिपके) ठळक, आणि धुक्याच्या फ्रेममध्ये तीनचतुर्थांश भाग सपाट राखाडी असतो. तिथे दाणा लपायला जागाच नाही. २४×३६ मिमीच्या तुकड्यावरून ८×१२ इंची प्रिंट म्हणजे साडेआठ पट मोठं करणं, हे डोक्यात असू द्या.

धुक्याची भरपाई करण्यापेक्षा सोपा उपाय म्हणजे पायाखालचं ओलं हिरवं गवत मोजा. ते मध्यम करड्याच्या जवळ असतं, जे वाचन येईल ते जसंच्या तसं लावा. गवत त्याच धुक्यात, त्याच उजेडात हवं इतकंच.

पिवळा फिल्टर घरी ठेवा. उन्हाळ्यातली दूरवरची निळसर धूसरता तो कापतो. धुक्याच्या थेंबांनी विखुरलेला प्रकाश पांढराच असतो, तिथे फिल्टर फक्त एक स्टॉप खाईल. पोलरायझर मात्र न्या. ओल्या कातळावरची आणि पानांवरची चकाकी काढतो. दीड ते दोन स्टॉप जातात, पण ४०० च्या फिल्मला दिवसा ते परवडतं.

आता लेणं. लांबलचक ब्राह्मी लेख डाव्या-उजव्या भिंतींवर आहे, आणि उजेड येतो तो तोंडाकडून. म्हणजे प्रकाश भिंतीला घासत आत शिरतो आणि प्रत्येक अक्षराच्या खोबणीत सावली पडते. ही आयती सोय आहे. समोरून फ्लॅश मारलात की सावली गेली, अक्षरं सपाट. भिंतीला समोरून भिडा, लेण्याचं तोंड फ्रेमबाहेर ठेवा. बाहेरचा उजेड आणि आतली भिंत यांत सहा-सात स्टॉपचा फरक सहज असतो. तोंड फ्रेममध्ये आलं की मीटर त्याच्याच नादी लागतो आणि लेख काळा.

ढगाळ दिवशी आत एफ/४ ला १/४ ते १/८ असं काहीतरी वाचन मिळेल. भिंत फ्रेमभर ठेवून मोजा आणि एक स्टॉप कमी करा: १/८ चं १/१५ झालं, हाताला तेवढाच दिलासा. पण ५० मिमी भिंग १/१५ ला नुसत्या हातात धरवत नाही. एक तर एफ/२.८ ला उघडा, लेख सपाट भिंतीवर असल्याने समांतर उभं राहिलात तर फोकसच्या खोलीची फारशी गरज नाही. नाही तर कापडी पिशवीत अर्धा किलो राजमा भरून उंचवट्यावर ठेवा आणि कॅमेरा त्यावर टेकवा. के१०००ला सेल्फ-टायमर नाही, त्यामुळे केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता बटण दाबायची तार) नक्की घ्या. बटणात आटे आहेत, साधी मेकॅनिकल केबल बसते. संरक्षित स्मारकांत तिपाईला सहसा आधी परवानगी लागते, तेव्हा नेत नाही आहात तेच बरं.

अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू-पाणी-पीठ असलं काही लावू नका. ओला हातही नको.

---

घाटमाथा

जागेबद्दल आणि पाण्याबद्दल.

उलटा धबधबा नेहमी उलटा नसतो. कोकणातून येणारा वारा कड्यावर आदळून वर उसळतो तेव्हा तो पाण्याला मागे, पठारावर फेकतो. वारा पडला की पाणी निमूट खाली पडतं. त्यामुळे जागेवर उभं राहून झोतांची वाट बघायची तयारी हवी. तुषार पठाराच्या दिशेने उडतात, म्हणजे प्रवाहाच्या मागे उभं राहणाऱ्याची आंघोळ ठरलेली. वाऱ्याला आडवं, बाजूला उभं राहा. तिथून पाणी वर उडतानाची कमानही दिसते, आणि मागे धुक्याऐवजी काळा कातळ मिळाला तर ती कमान उठते. पांढऱ्यावर पांढरं काहीच दिसत नाही.

धबधबा म्हटला की लोक १/८ ला जातात. इथे उलट करा. १/८ ला उडणारे थेंब पुसले जाऊन धुक्यात मिसळतात, आणि फोटोत नुसता ओला ढग येतो. १/२५० ते १/५०० ठेवा, एफ/५.६ च्या आसपास. २८ पेक्षा ५० बरं पडेल.

कड्यापासून अंतर ठेवा. गवत घसरडं, वारा जोराचा, आणि डोळा व्ह्यूफाइंडरला लावून पाय मागे-पुढे टाकायची सवय वाईट. आधी जागा ठरवा, पाय रोवा, मग कॅमेरा डोळ्याला. शिवाय पावसाळ्यात जिल्हा प्रशासन काही पर्यटनस्थळांवर बंदी आदेश काढतं, निघायच्या आदल्या दिवशी ताजी माहिती घ्या.

कॅमेऱ्यासाठी महागडं कव्हर लागत नाही. जाड झिपची पिशवी, तळाला भिंगाच्या हूडएवढं भोक, हूडवर रबरबँड. हात पिशवीच्या तोंडातून आत. व्ह्यूफाइंडरपाशी प्लॅस्टिक आडवं येतं, तिथेही छोटं भोक पाडून आयकपने (व्ह्यूफाइंडरच्या रबरी कड्याने) दाबून धरा. पुढे साधा यूव्ही फिल्टर लावाच, पुसताना ओरखडे पडले तर त्यावर पडोत. पुसायची फडकी एकाऐवजी तीन-चार न्या, प्रत्येक वेगळ्या झिपपिशवीत. पहिलं तासाभरात ओलं होतं आणि मग नुसतं पाणी पसरवतं. सगळ्यात कामाची वस्तू मात्र छत्री धरणारा मित्र.

आणखी एक. गाडीत एसी लावून वर जाऊ नका. गार पडलेला कॅमेरा दमट हवेत काढला की भिंगावर, आरशावर, आतल्या काचांवर बाष्प धरतं. शेवटचा अर्धा-पाऊण तास एसी बंद, काचा थोड्या खाली. लावायचाच असेल तर कॅमेरा बंद झिपपिशवीत ठेवा, बाहेर आल्यावर पिशवी न उघडता अर्धा तास थांबा. फ्रिजमधल्या रोलचंही तेच: निघायच्या आदल्या रात्री बाहेर काढा, डबी बंदच.

रोल बदलायचा तो लेण्यात किंवा गाडीत. नवा रोल भरल्यावर रिवाइंडच्या चकतीकडे बघा. पुढच्या फ्रेमसाठी दांडी ओढताना ती फिरली तर फिल्म धरली गेली. फिरली नाही तर ३६ फोटो हवेत. ओल्या, घाईच्या हातांनी भरताना हे नेहमीपेक्षा जास्त होतं.

---

रीळछत्तीस

दोघांनाही धन्यवाद. कृष्णधवल, एक शंका. धुक्याच्या फ्रेम सपाट (कमी कॉन्ट्रास्टच्या) आणि लेण्याच्या कडक (जास्त कॉन्ट्रास्टच्या), म्हणजे धुताना दोघांना वेगवेगळा वेळ लागेल. एकाच रोलवर दोन्ही आले तर?

---

कृष्णधवल

लहान फॉरमॅटची खरी अडचण हीच आहे. मोठ्या कॅमेऱ्यात एकेक शीट वेगळी धुता येते, इथे ३६ फ्रेम एकाच पाण्यात उतरतात. तुमच्याकडे दोन रोल आहेत, तर विषयांप्रमाणे वाटून टाका: एक पठार-धुकं-धबधबा, दुसरा लेणं आणि चहाच्या टपरीतले चेहरे. पहिला १५ ते २० टक्के जास्त वेळ धुवा म्हणजे कॉन्ट्रास्ट चढेल, दुसरा नेहमीच्या वेळेला.

मध्येच अदलाबदल करायची झाली तर अर्धा रोल काढून परत भरता येतो. फ्रेमचा आकडा लिहून घ्या, तळाचं बटण दाबून हळू गुंडाळा, चकती एकदम सैल लागली की थांबा. म्हणजे फिल्मची जीभ बाहेर राहते. डबीवर मार्करने ‘धुकं, १४ पर्यंत’ असं लिहा. परत भरताना भिंगावर टोपण, एफ/२२, १/१००० आणि १६ येईपर्यंत रिकामे दाबत जा. एक फ्रेम वाया जाते ती जाऊ द्या, एकावर एक चढण्यापेक्षा बरं. पण पावसात हा उद्योग दोनदा करू नका. दमट हवेत इमल्शन मऊ पडतं आणि ओरखडे लवकर येतात.

---

टाकीवाली

चौथा प्रश्न माझा.

एचपी५ प्लस ४०० ला, आयडी-११ एकास एक, २० अंशांना १३ मिनिटं. ३५ मिमीच्या एका रोलला १५० मिली डेव्हलपर आणि १५० मिली पाणी, एकदा वापरून फेकायचं. २० चा हट्ट मात्र सोडा. मुंबई-पुण्यात पावसाळ्यात २० अंश धरून ठेवणं म्हणजे बर्फाशी मारामारी. २३ धरा आणि वेळ पाऊणपट करा: १३ चं साधारण पावणेदहा मिनिटं. डेव्हलपर पाणी न मिसळता वापरलात तर २० ला साडेसात मिनिटं लागतात, ती २३ ला साडेपाचवर येतात. पाचाच्या खाली गेलं की ओतण्या-काढण्यातल्या सेकंदांचा फरक निगेटिव्हवर पट्ट्यांच्या रूपात दिसायला लागतो. म्हणून आपल्या हवेत एकास एकच बरं.

२३ साठी टबमध्ये पाणी घ्या, बर्फ झिपपिशवीत बंद करून त्यात सोडा, आणि डेव्हलपर, फिक्सर (चित्र कायम करणारं रसायन), धुण्याचं पाणी सगळ्यांच्या बाटल्या त्याच टबात. लोक डेव्हलपर जपून २० ला आणतात आणि मग नळाच्या २७ अंशांच्या पाण्याखाली फिल्म धरतात. इमल्शनला एवढा धक्का देऊ नये, सगळी रसायनं आणि पाणी दोन-तीन अंशांच्या आत असावं. फिल्म धुवायच्या बंद टाकीत ओतलेला डेव्हलपर दहा मिनिटांत खोलीच्या तापमानाकडे सरकतो, म्हणून हलवून झालं की टाकीही टबात.

हलवणं: सुरुवातीला १० सेकंदांत चार वेळा उलटीसुलटी, मग दर मिनिटाच्या सुरुवातीला तेच. प्रत्येक वेळी टाकी ओट्यावर आपटा, बुडबुडे सुटतात. धुक्याच्या सपाट करड्यावर एक बुडबुडासुद्धा चंद्रासारखा दिसतो.

पावसाळ्यात खरी फजिती धुताना होत नाही, टाकीतल्या रिळावर फिल्म चढवताना होते. बदलायच्या काळ्या पिशवीत हात घातले की पाच मिनिटांत घाम, प्लॅस्टिकचं रीळ दमट, फिल्म अर्ध्यावर अडकते. मग जोर लावला की चंद्रकोरीसारखे मोड पडतात. रीळ आदल्या दिवशी धुऊन पंख्याखाली पूर्ण वाळवा, वर हेअर ड्रायरची गरम हवा मिनिटभर. फिल्मच्या पुढच्या टोकाचे दोन्ही कोपरे कात्रीने किंचित तिरके कापा. पंखा लावून किंवा एसीच्या खोलीत बसा. तरीही अडकली तर फिल्म आणि रीळ टाकीत टाकून झाकण लावा, हात बाहेर काढून पुसा, दहा मिनिटांनी परत. न्हाणीघरात अंधार करून चढवायला जाऊ नका, तिथली हवा घरातली सगळ्यात ओली.

फिक्सर १+४ (एक भाग फिक्सर, चार भाग पाणी), तीन ते पाच मिनिटं. धुण्यासाठी वाहता नळ नको: टाकी भरा, पाच वेळा उलटवा, ओता; परत भरा, दहा वेळा; परत भरा, वीस वेळा. शेवटचं पाणी डिस्टिल्ड किंवा आरओचं, त्यात वेटिंग एजंटचे (पाणी डाग न ठेवता ओघळू देणाऱ्या द्रवाचे) एक-दोन थेंब. बोअरचं जड पाणी वाळताना पांढरे डाग ठेवून जातं. वाळायला पावसाळ्यात सहा तासही लागतील. पंखा बंद ठेवा. ड्रायर रिळासाठी, फिल्मसाठी कधीच नाही.

आणि रोल लवकर धुवा. काढलेला रोल दमट हवेत आठवडे ठेवण्यात काही पुण्य नाही.

---

पिक्सेलपंत

कृष्णधवल यांच्या ‘१५ ते २० टक्के जास्त’ला माझा विरोध आहे. डार्करूममध्ये प्रिंट करणार असाल तर ठीक. स्कॅनच करणार असाल तर नेहमीच्या वेळेला धुवा आणि कॉन्ट्रास्ट संगणकावर, सॉफ्टवेअरमधल्या कर्व्हने चढवा. जास्त धुतलं की दाणाही वाढतो, आणि धुक्यात तो नको असं तुम्हीच वर म्हणताय.

---

कृष्णधवल

स्कॅन १६ बिटचा, म्हणजे भरपूर बारीक छटांचा असेल तर मान्य. लॅबमधून ८ बिटचा जेपेग आला तर धुक्याचे सगळे टोन मधल्या थोड्याशा पायऱ्यांत कोंबलेले असतात. कर्व्ह ओढला की आकाशात पट्टे पडतात, ते दाण्यापेक्षा वाईट. तेव्हा लॅबचा जेपेग असेल तर १५ टक्के जास्त, स्वतः १६ बिटमध्ये करणार असाल तर नेहमीचा वेळ.

---

पिक्सेलपंत

हे चालेल. आता पाचवा प्रश्न.

फ्लॅटबेडवर करणार असाल तर खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. एप्सन व्ही६०० वर ६४०० लिहिलेलं असतं, खरा तपशील साधारण १५०० ते १६०० डीपीआयपर्यंतच मिळतो. २४०० ला स्कॅन करा, ३४००×२२६८ च्या आसपास चित्र येतं, पडद्यासाठी भरपूर. त्याहून जास्त ठेवलंत तर फाइल फुगते, फोटो नाही. डिजिटल कॅमेरा आणि १:१ मॅक्रो भिंग असेल तर तो रस्ता बराच चांगला: एफ/८, आयएसओ १००, रॉ, खाली ९५ च्या वर सीआरआय (रंग खरे दाखवण्याचा निर्देशांक) असलेलं एलईडी पॅनल. समांतर करायला फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवा. भिंगाचं प्रतिबिंब बरोबर मधोमध आलं की कॅमेरा सरळ.

धूळ पुसणारं इन्फ्रारेड स्कॅनिंग एचपी५ वर चालत नाही, फिल्ममधली चांदी इन्फ्रारेडही अडवते. ब्लोअर आणि हाताने एकेक ठिपका काढणं, दुसरा इलाज नाही. ज्यांना घरी धुवायचं नाही त्यांनी एक्सपी२ सुपरचा विचार करावा. कृष्णधवल असूनही ती सी-४१ मध्ये, म्हणजे कुठल्याही रंगीत लॅबमध्ये धुतली जाते, चांदी उरत नाही आणि इन्फ्रारेड चालतं.

टाकताना लांब बाजू १६०० पिक्सेल, एसआरजीबी, जेपेग ८५ ते ९०. शार्पनिंग नको, ते दाण्यालाच धार लावतं. व्हॉट्सअ‍ॅपवर मित्रांना पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून.

हमखास राहून जाणारी एक गोष्ट. कॅमेऱ्याने स्कॅन केलं की फाइलमध्ये स्कॅनची तारीख आणि ‘मॅक्रो भिंग, एफ/८, आयएसओ १००’ बसतं. वाचणारा तेच खरं धरून चालतो. एक्झिफटूल या सॉफ्टवेअरने ते पुसून टाका आणि खरी माहिती हाताने लिहा: फिल्म, किती आयएसओला धरली, भिंग, शटर-अ‍ॅपर्चर, डेव्हलपर, तापमान, मिनिटं, क्रॉप आहे की पूर्ण फ्रेम. ही माहिती जागेवरच टिपावी लागते. शाईचं पेन पावसात कामाचं नाही, शिसपेन्सिल आणि जाड कार्ड घ्या. प्रत्येक फ्रेम नाही टिपली तरी चालेल, प्रकाश बदलला की आकडा आणि वेळ लिहा.

३६ पैकी आठ-दहा टाका, पण सोबत अख्ख्या रोलची कॉन्टॅक्ट शीटही (सगळ्या फ्रेम छोट्या आकारात एकत्र) टाका, फसलेल्या फ्रेमसकट. धबधब्याच्या पाच फ्रेमपैकी चौथीच का जमली हे दुसऱ्याला त्या शीटवरूनच कळतं.

---

घाटमाथा

फोटोखाली भटकंतीचंही लिहा: घाटघरच्या पुढचा रस्ता कसा होता, धुकं किती वाजता उघडलं, गाडी कुठे लावली, गर्दी किती. पुढच्या माणसाला शटर स्पीडपेक्षा याचा उपयोग जास्त.

एक पथ्य पाळा. रांजण आणि लेणं सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यांचा पत्ता खुशाल द्या. वाटेत एखादी दुर्मीळ आमरी, कंदीलपुष्प किंवा पक्ष्याचं घरटं मिळालं तर नुसता तालुका लिहा. फिल्मला जीपीएस नसतं म्हणून निश्चिंत राहू नका, सोबत टाकलेल्या मोबाइलच्या फोटोत ते असतं. गावातल्या कुणाचा चेहरा टाकणार असाल तर आधी विचारा, आणि ४×६ ची एक प्रिंट पोचती करा.

---

रीळछत्तीस

सगळ्यांचे आभार, कार्डावर उतरवून घेतलंय. शेवटचं: मीटरचा सेल बदलून नेऊ का? आणि परतल्यावर कॅमेऱ्याचं काय करायचं?

---

टाकीवाली

नेच. एलआर४४ ऐवजी एसआर४४ घ्या, एकच लागतो. सिल्व्हर ऑक्साइडचा दाब शेवटपर्यंत जवळजवळ १.५५ व्होल्टवर टिकतो, अल्कलाइनचा हळूहळू उतरतो आणि सुई थोडी थोडी खोटं बोलायला लागते. के१०००च्या मीटरला बटण नाही, भिंगावर उजेड पडला की तो चालू. पिशवीत टाकताना टोपण लावलंच पाहिजे.

घरी आल्यावर कॅमेरा बाहेरून पुसा, भिंग वेगळं करा, दोन्ही तासभर पंख्याखाली. तांदळाच्या डब्यात घालू नका, पीठ आत जातं. चामड्याच्या केसमध्ये तर अजिबात नको, बुरशीचं ते माहेरघर. दहा लिटरचा हवाबंद डबा, त्यात दीडशे ग्रॅम सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० मध्ये हवा. ६० च्या वर राहिला की भिंगात बुरशीला आमंत्रण, ३० च्या खाली गेला तर आतलं वंगण सुकतं. नारिंगी जेल हिरवं पडलं की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास, परत नारिंगी होईपर्यंत.